मामा, मोठ्याने वाचा

राग हा भाचीच्या डोक्यात भाडेकरू म्हणून नाही, घरमालक म्हणून राहायचा. लहानपणी शेजारच्या एका मुलीने तिची पेन्सिल मोडली होती. पुढे ती मुलगी लग्न होऊन गेली, तिला मुलं झाली, तिच्या मुलांनी इतरांच्या पेन्सिली मोडल्या, तरी भाची तिच्या दारावरून न जाता मागच्या गल्लीने वळसा घालून जायची. विसरणं ज्यांना जमतं त्यांचं तिला कौतुक नव्हतं. ती म्हणायची, “विसरणाऱ्याला दोनदा फसवता येतं.”

तिला नाव होतं, पण ते सरकारी कागदांपुरतं. बाकी सगळ्यांची ती भाचीच. मामांच्या स्टुडिओत ती कामाला लागली त्या दिवशी मामांनी तिला दारात उभं करून सांगितलं, “ही माझी भाची,” आणि ते जे चिकटलं ते केस पांढरे व्हायला लागले तरी सुटलं नाही.

स्टुडिओ टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात रबराचा वास, वर तापलेल्या मशीनांचा. तिथे अजून न बांधलेल्या घरांची चित्रं काढत. बिल्डर नुसता नकाशा घेऊन यायचा आणि परत जाताना त्याच्या हातात अशी चित्रं असायची की बघणाऱ्याला वाटावं, खिडकीतून ऊन आत आलंय आणि आपण चहा घेऊन बसलोय. एक माणूस दिवसभर त्या घरांत फर्निचर मांडायचा, त्याला सोफावाला म्हणत. एक बाई अंगणात झाडं लावायची, ती झाडवाली. झाडवालीच्या स्वतःच्या घरी कुंडीतली तुळससुद्धा जगत नाही असं सोफावाला म्हणायचा, आणि तो स्वतः घरी सतरंजीवर बसतो असं ती म्हणायची.

भाची यातलं काही करत नसे. ती मशीन सांभाळायची. अशा चित्रांना जाडजूड ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि कार्डाचं म्हणणं संगणकाला कळायला मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मामांनी घेतलेली कार्डं जुनी होती. सिस्टीमबरोबर आपोआप येणारा नवा ड्रायव्हर त्यांना मानवत नसे. म्हणून भाची कार्डाच्या कंपनीकडचा जुना ड्रायव्हर उतरवून प्रत्येक मशीनवर हाताने बसवायची आणि सिस्टीमला बजावून ठेवायची की तुझा तू बाहेर ठेव. सिस्टीमच्या भाषेत प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे एक पॅकेज, आणि याला पॅकेज रोखून धरणं म्हणतात. हे तिने केलं नसतं तर दोन्ही ड्रायव्हर आत शिरले असते, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पडदा काळा होतो आणि मग बसा.

मामांना ही रोखाधरी म्हणजे बायकी काळजी वाटायची. ते घाईचे. कुठलाही प्रश्न पडद्यावर आला की त्यांचं बोट आधी ‘हो’वर जायचं, डोळे नंतर. बिल्डरला, बँकेला, बायकोला, सगळ्यांना त्यांनी आयुष्यभर असंच ‘हो’ म्हटलं होतं, आणि निस्तरायला दरवेळी दुसरं कुणीतरी मिळालं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी भाची तापाने घरी पडलेली असताना मामा एकटेच स्टुडिओत गेले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की नवी सिस्टीम घातली की चित्रं दुप्पट वेगाने होतात. मशीनांवर असे बदल करायचा अधिकार फक्त भाचीच्या खात्याला होता, पण मालकाला पासवर्ड माहीत असतोच. मामा तिच्या नावाने आत गेले, रोखून ठेवलेलं सगळं सोडवलं आणि अपग्रेड सुरू केलं. मध्येच सिस्टीमने लांबलचक यादी दाखवून विचारलं की हे सगळं काढून टाकू का. मामांनी ‘हो’ दाबलं. मग शेजारच्या मशीनवर दाबलं, मग त्याच्या शेजारच्या. खोलीभर पडदे काळे झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठा बिल्डर चित्रं बघायला आला आणि काळे पडदे बघून गेला, तो गेलाच. तीन माणसांना घरी बसवावं लागलं, त्यात सोफावाला होता.

ताप उतरून भाची कामावर आली तेव्हा मामा खोलीच्या मधोमध उभे होते. “हिने केलं,” ते सगळ्यांना सांगत होते. “मला न विचारता. बघा, मशीनच सांगतंय, हिच्या नावाने झालंय.” मशीन खरंच तसं सांगत होतं. भाचीने घसा फोडून सांगितलं की ती घरी झोपून होती, घरातूनही हे करता येतं असं झाडवाली म्हणाली, आणि तिथेच विषय संपला. सोफावाल्याने आपला डबा उचलला. जाता जाता तो भाचीला म्हणाला, “माझी दोन पोरं आहेत,” आणि जिना उतरून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण संन्याशाची फाशी एकदाच लागते. हिला रोज लागत होती. दुसऱ्या स्टुडिओत काम मागायला गेली की तिच्याआधी तिची कीर्ती पोचलेली असायची. “तीच ना, सख्ख्या मामाचा धंदा बुडवणारी?”

पुढची बरीच वर्षं तिने दवाखान्यांचे प्रिंटर आणि दुकानदारांचे संगणक दुरुस्त करून काढली. त्यात तिचं बरं चाललं. माणसं तिच्या तोंडाला घाबरायची आणि तिच्या हाताला मानायची. पण तिला हवी होती एकच गोष्ट. मामांनी त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगावं की ते मी केलं. बाकी काही नको. भांडी घासताना ती हे भाषण घासायची. कधी त्यात मामा रडायचे, कधी गुडघ्यावर बसायचे, आणि पातेलं मात्र आरशासारखं निघायचं.

घरी ती आणि आई, दोघीच. वडील ती शाळेत असतानाच गेले होते, आईने शिवणकामावर घर ओढलं. भाची म्हणायची, “आई, मी नाही केलं गं ते.” आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, “जाऊ दे ना. चूक कुणाकडून होत नाही?” जगाने विश्वास ठेवला नाही याचा भाचीला राग होता. आईनेही ठेवला नाही, याचं तिला रडू यायचं. म्हणून ती आईपाशी तो विषय काढेनाशी झाली.

आणि एका सकाळी आईचा फोन वाजला. मामा होते. भाचीला थेट फोन करायची त्यांची छाती नव्हती.

“अगं, मामाची मशीनं बंद पडलीत,” आई दारात येऊन म्हणाली. “काहीतरी नवीन घालायला गेला आणि अर्ध्यातच अडकलं. सगळं काळं झालंय म्हणे. दुपारी मोठी माणसं यायचीत चित्रं बघायला. जा गं.”

भाची चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला, आणि झालेला आनंद लपवायची तिला काही गरज वाटली नाही. ज्या खड्ड्यात तिला ढकललं होतं, त्याच खड्ड्यात मामा स्वतःच्या पायांनी उतरले होते.

“जाते,” ती म्हणाली. “पण त्यांना सांग, सगळी माणसं खोलीत हवीत. एकही चहाला बाहेर गेलेला चालणार नाही.”

“आता कशाला उकरतेस?”

“सांग नुसतं.”

आईने फोनवर ते सांगितलं, पण हलक्या आवाजात, आणि पाठ फिरवून.

स्टुडिओत पोचली तेव्हा मामा जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. पोट सुटलं होतं, केस गेले होते, घाई मात्र तशीच होती. “आलीस? बरं झालं. ये, बस. ही घे खुर्ची. जेवणाच्या वेळेपर्यंत उभं राहिलं पाहिजे बघ सगळं.”

“मी नाही बसणार,” भाची म्हणाली. “तुम्ही बसा.”

“मी?”

“मी सांगते, तुम्ही टाईप करा. आणि पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचायचं. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

खोलीत झाडवाली होती, सोफावाला होता. त्याला मामांनी मागाहून परत घेतलं होतं. बाकी नवी चार पोरं होती, ती मोबाईल खाली ठेवून बघायला लागली. सोफावाल्याने भाचीकडे बघितलंसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर मामांच्या वाचण्याची या दुरुस्तीला काडीची गरज नव्हती. भाचीने ते काम एकटीने निम्म्या वेळात उरकलं असतं. पण ती दुरुस्तीला आलीच नव्हती. ती उट्टं काढायला आली होती, आणि दुरुस्ती वाटेत होती म्हणून करत होती.

मामा बसले. चित्रं दिसत नसली तरी दोनतीन कळा एकदम दाबल्या की नुसत्या अक्षरांचा साधा पडदा उघडतो. तो उघडला. अपग्रेड मध्येच लटकलं होतं. एक पॅकेज अर्धं बसलेलं, दुसरं त्याला आत येऊ देत नाही, तिसरं या दोघांसाठी खोळंबलेलं. हाताने बसवलेला जुना ड्रायव्हर न काढताच मामांनी वरून सिस्टीमचा घातला होता. म्हणजे मागे केलं होतं अगदी तेच. माणूस वयाने वाढला होता, बोट नव्हतं वाढलं.

“आता सिस्टीमला म्हणा, जे तुटलंय ते तूच जोड,” भाचीने सांगितलं आणि आज्ञा एकेक अक्षर सांगून टाईप करून घेतली. मामांनी एंटर दाबलं. पडद्यावर यादी धावत आली आणि खाली प्रश्न येऊन थांबला. मामांचं बोट सवयीने उचललं गेलं.

“बोट खाली ठेवा,” भाची कडाडली. पोरांतलं एक दचकलं. “वाचा.”

“अगं, वेळ...”

“वेळ तुमचा जातोय. वाचा.”

मामांनी चष्मा पुढे ओढला. “खालील पॅकेजेस काढून टाकली जातील,” त्यांनी सुरुवात केली आणि एकेक नाव घ्यायला लागले. दोनतीन नावं कशीबशी झाली. मग ते थबकले. “डेस्कटॉप... हे डेस्कटॉपच काढायचं म्हणतंय. आणि लॉगिनची खिडकी. आणि हे... आपलं चित्रांचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं ते सगळं.”

“मग? दाबायचं ‘हो’?”

“नाही, नाही! अख्खं घरच रिकामं होईल.”

“तेव्हा वाचलं होतंत?”

मामांनी मान वळवून भाचीकडे बघितलं, मग दाराकडे. दारात सोफावाला उभा होता.

“कशाचं बोलतेस?” मामा पुटपुटले.

“तुम्हाला माहीत आहे कशाचं. मी तापाने पडले होते त्या दिवसाचं.” भाचीने हाताची घडी घातली. “मला काही घाई नाही. तुमची माणसं दुपारी येणार आहेत, माझ्याकडे कुणीच येणार नाहीये. मी अशीच उभी राहीन. पाय दुखले तर बसेन.”

मामांनी एकदा पडद्याकडे बघितलं. प्रश्न तिथेच होता, पुढचा चौकोन लुकलुकत होता. त्यांनी बोट त्याच्याजवळ नेलं आणि मागे घेतलं. घाम पुसला. ज्या माणसाला ‘हो’ म्हणायला कधी क्षण लागला नाही, त्याला आज ते एवढंसं म्हणायला जीव नकोसा झाला होता, आणि भाचीला ते बघायला मजा येत होती. खोटं कशाला सांगा.

“नव्हतं वाचलं,” मामा शेवटी म्हणाले.

“कुणी नव्हतं वाचलं?”

“मी. मीच आलो होतो सुट्टीच्या दिवशी. हिच्या नावाने मीच आत गेलो. मीच दाबलं.” मग जरा मोठ्याने, जणू एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून, “हिने नव्हतं केलं ते. ही घरी होती.”

झाडवालीच्या तोंडून नुसतं “अगं बाई” निघालं. सोफावाला दारातून आत आला, मामांच्या खुर्चीपाशी उभा राहिला. मग तो भाचीकडे वळला. “मी तुला दिसेल तिथे शिव्या दिल्या गं,” तो म्हणाला. “इतकी वर्षं.”

“माहीत आहे,” भाची म्हणाली. “त्यातल्या काही चांगल्या होत्या.”

तो हसला आणि त्याचे डोळे भरले. भाचीने तोंड फिरवलं, कारण आता आपणही रडलो तर सगळी मजा जाईल असं तिला वाटलं.

त्यानंतर काम सरळ होतं. यादीला तिने ‘नाही’ म्हणायला लावलं. हाताने बसवलेला ड्रायव्हर त्याच्याच पद्धतीने काढायला लावला, मग सिस्टीमच्या ड्रायव्हरचे उरलेसुरले तुकडे. वाट मोकळी झाल्यावर लटकलेलं अपग्रेड पुरं करून घेतलं, आणि शेवटी नव्या सिस्टीमवर जुन्या कार्डांना मानवेल असा एकच ड्रायव्हर आत घेऊन तो रोखून ठेवला. प्रत्येक मशीनवर मामा वाचत होते आणि भाची मागून “पुढे” म्हणत होती. आवाज बसला तरी तिने त्यांना थांबू दिलं नाही. एकामागून एक पडदे उजळले. शेवटच्या मशीनवर एक दिवाणखाना उभा राहिला, सोफावाल्याने मांडलेला, खिडकीबाहेर झाडवालीची झाडं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाचीला वाटलं, आज आपण जिना उतरणार नाही, तरंगत जाणार.

जिन्यात मामा तिच्यामागे आले. रबराच्या वासात, अर्ध्या पायऱ्यांवर, त्यांनी तिला गाठलं.

“झालं समाधान?” ते म्हणाले. चेहरा लालबुंद झाला होता. “नव्या पोरांसमोर माझं हसं केलंस. मीच एकटा वाईट ना? घरी जा आणि तुझ्या आईला विचार.”

“आईचा काय संबंध?”

“त्याच संध्याकाळी आलो होतो मी ताईकडे. तू आत झोपली होतीस. मी सांगितलं, ताई, माझ्या हातून असं असं झालंय, आता लोक मला सोडणार नाहीत. तुझं नाव घ्यायचं माझ्या डोक्यातही नव्हतं.” मामा थांबले. “तीच म्हणाली, पोरीचं सांग. ती लहान आहे, निभावेल.”

भाची वळली. उरलेल्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आली, आणि घर कधी आलं ते तिला कळलं नाही.

आई शिलाई मशीनपाशी बसून कुणाच्यातरी परकराला नाडी ओवत होती. “झालं का गं मामाचं?” तिने विचारलं.

“तू सांगितलंस त्याला माझं नाव घ्यायला?”

आईचा हात थांबला. ती खोटं बोलेल, निदान रडेल, असं भाचीला वाटलं होतं. आईने नाडीचं टोक ओढून बाहेर काढलं, परकर घडी घालून बाजूला ठेवला.

“हो,” ती म्हणाली.

“मी तुला इतकी वर्षं सांगत होते, मी नाही केलं. आणि तू मला म्हणायचीस, चूक कुणाकडून होत नाही! तुला माहीत होतं!”

“दुसरं काय म्हणणार होते?” आई म्हणाली. “त्याचं सगळं त्या धंद्यात अडकलेलं. मालकानेच घोळ घातला म्हटल्यावर कोण येतं दारात? तो मोडला असता. तू मोडली नसतीस. आणि नाहीच मोडलीस.”

“तुला काय माहीत मी मोडले की नाही?”

भाचीचा आवाज चढला, शेजारच्यांच्या खिडकीपर्यंत गेला. सकाळपासून मामांवर ओतून उरला होता तो, आणि इतकी वर्षं चुकीच्या पत्त्यावर गेलेला, असा सगळा राग ती आईवर ओतत होती. शेवटी तिने कपाटावरची बॅग ओढून आईसमोर आपटली.

“जा. ज्याला वाचवलंस त्याच्याकडे जाऊन राहा. भर कपडे. मी सोडते नेऊन. बघू दे त्याला, बहीण सांभाळायची म्हणजे काय असतं.”

आई उठली. तिने बॅगवरची धूळ पदराने पुसली, चेन उघडली, आणि आत काहीच न ठेवता तशीच उभी राहिली.

“तो मला ठेवणार नाही,” ती म्हणाली. “तुझे वडील गेले तेव्हा गेले होते मी तुला घेऊन त्याच्याकडे. तुला सांगितलं होतं, सुट्टीला चाललोय. आठवड्यात परत आलो आपण.”

“मग अशा भावासाठी माझं नाव दिलंस?”

“तो धाकटा आहे माझा. कडेवर घेऊन वाढवलाय.” आई खाली बघत होती. “आणि मला म्हातारपणी कोण बघणार ते मला तेव्हाही माहीत होतं. तू रागावलीस तरी बघशील. तो खूश असता तरी बघणार नव्हता.”

भाची बॅगकडे बघत राहिली. मामांना एका खोलीभर माणसांसमोर वाचायला लावता आलं होतं. आईला कुणासमोर उभं करायचं, आणि तिने आणखी काय कबूल करायचं बाकी होतं? सगळं तर तिने विचारल्याबरोबर सांगितलं होतं. आणि एवढं सांगूनही तिने माफी मागितली नव्हती, मागेल असं दिसतही नव्हतं.

आईची गोळी घ्यायची वेळ झाली होती. गोळीआधी काहीतरी पोटात लागायचं, नाहीतर तिला भोवळ यायची. भाची स्वयंपाकघरात गेली आणि आईचं ताट वाढून आणून तिच्यासमोर आदळलं. त्यातलं अर्धं बाहेर सांडलं.

“जेव,” ती म्हणाली, आणि स्वतः न जेवता दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.